३३०डी टूरिंग घ्यावी की एक्स३ ३०डी? (म्युनिक, वापरलेली गाडी)

इसारकाठ

नमस्कार मंडळी. दोन वापरलेल्या गाड्यांवर येऊन गाडं अडलंय.

एक: बीएमडब्ल्यू ३३०डी एक्सड्राइव्ह टूरिंग (जी२१), म्हणजे वॅगन.
दोन: एक्स३ एक्सड्राइव्ह ३०डी (जी०१), म्हणजे उंच एसयूव्ही. एक्सड्राइव्ह म्हणजे बीएमडब्ल्यूची फोर व्हील ड्राइव्ह, दोन्हीत आहे.

दोन्ही २०२१-२२च्या, लीजवरून परत आलेल्या, ६० ते ८० हजार किलोमीटर झालेल्या. किमतीत फारसा फरक नाही, म्हणून किमतीवर निर्णय होत नाहीये.

वापर असा: वर्षाला साधारण २०,००० किमी, त्यातले बरेचसे ऑटोबानवर. हिवाळ्यात तीन-चार वेळा टिरोल (ऑस्ट्रियातला डोंगराळ भाग). रोजचं पाळणाघर ४ किमीवर. मुलं दोन, एक ६ वर्षांचं (बूस्टर), दुसरं दीड वर्षाचं (उलट्या तोंडाची सीट). जून ते ऑगस्ट पुण्याहून आई-बाबा येतात, बाबांचा गुडघा बदललेला आहे. गाडी बहुतेक वेळा मीच चालवते. पार्किंग तळघरातल्या डुप्लेक्समध्ये (यंत्राच्या फळ्यांवर एकावर एक गाड्या ठेवतात ते).

घरात एक मत वॅगनला, एक मत उंच गाडीला. मला विचाराल तर चालवायला वॅगन आवडते, पण "फॅमिली आहे, एसयूव्हीच घ्या" हे इतक्यांदा ऐकलंय की आता खात्री वाटेना. जागा, बर्फ आणि वर्षाचा खर्च, या तिन्हींत खरा फरक किती?

---

रस्तेमाप

ताई, आधी आकडे शेजारी-शेजारी मांडा, अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

लांबी: टूरिंग ४,७०९ मिमी, एक्स३ ४,७०८. पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर: २,८५१ आणि २,८६४. इंजिन दोन्हीत तेच, तीन लिटरचं सहा सिलिंडरी डिझेल, २८६ पीएस, ६५० न्यूटनमीटर. गिअरबॉक्स तोच, झेडएफ या कंपनीचा आठ गिअरचा. डिकी ५०० लिटर विरुद्ध ५५०, सीटा पाडल्यावर १,५१० विरुद्ध १,६००. "एसयूव्हीत जागा जास्त" हे या जोडीपुरतं तरी बोलाचीच कढी. मागे पाय ठेवायला मिळणारी जागाही जवळपास सारखी.

वेगळी आहे ती उंची. एक्स३ १,६७६ मिमी, टूरिंग १.४५ ते १.४७ मीटरच्या आत. सगळे फायदे-तोटे या वीस-बावीस सेंटीमीटरांतून निघतात.

ऑटोबानवर ही उंची डिझेल पिते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे १३० वरून १६० ला गेलात की दीडपट. १०० ने जाताना दोन्ही गाड्यांच्या खपात नाव घेण्यासारखा फरक नसतो, पण १३०च्या पुढे एक्स३ला शंभर किलोमीटरमागे लिटर-सव्वा लिटर जास्त लागतं असं धरून चाला. २०,००० किलोमीटरला साधारण २०० लिटर. लिटरला १.६० युरो धरले तर वर्षाचे ३२० युरो.

कर: २,९९३ सीसीचं डिझेल म्हणजे सुरू झालेल्या प्रत्येक १०० सीसीला ९.५० युरो, तीस वेळा, २८५ युरो. हे दोन्हींना सारखं. त्यावर सीओ२चा भाग. २०२१ पासून नोंदलेल्या गाड्यांना ९५ ग्रॅमच्या वर टप्पे आहेत: ११५ पर्यंत ग्रॅमला २ युरो, १३५ पर्यंत २.२०, १५५ पर्यंत २.५०, १७५ पर्यंत २.९०. एका गाडीच्या कागदावर १५० ग्रॅम आणि दुसरीच्या १७० असले तर कर ४०६ आणि ४६२ युरो. छप्पन युरोंसाठी कोणी गाडी बदलत नाही. नेमका आकडा चाकांच्या मापावर आणि एक्स्ट्रांवर हलतो, त्यामुळे जी गाडी घेणार तिच्या फारत्सॉइगशाइनवरचाच (नोंदणीच्या कागदावरचा) घ्या. विम्यासाठी त्याच कागदावरचे २.१ आणि २.२ या रकान्यांतले कोड टाकून दोन्हींचा हप्ता काढा. विमा शेजारणीच्या गाडीवरून ठरवू नका.

एक बारीक गोष्ट, ज्याकडे कोणी बघत नाही: रुंदी. ऑटोबानवर काम चालू असलं की डाव्या लेनला रुंदीची पाटी असते, बऱ्याचदा २.१ मीटरची. ती आरशांसकट मोजतात. टूरिंग आरशांसह २,०६८ मिमी, एक्स३ २,१३८. म्हणजे तिथे टूरिंग डावीकडून जाऊ शकते आणि एक्स३ने ट्रकांमागे राहायचं. आरसे मिटून जायचं शहाणपण करू नका, गुन्हा आहेच, शिवाय दिसतही नाही.

---

डोंगरवाट

वरचे आकडे बरोबर आहेत, पण बाबांचा गुडघा त्यात कुठेच नाही.

घरातला सोफा जमिनीपासून किती उंच आहे ते मोजा, बहुतेक ४५ सेंमीच्या आसपास असेल. वॅगनची सीट त्याच पातळीला, किंचित वर. एक्स३ची सीट कमरेजवळ येते. गुडघा बदललेल्या माणसाला खाली बसणं जमतं, उठणं जड जातं, कारण उठताना गुडघा नव्वद अंशांच्या आत दुमडून त्यावर सगळं वजन येतं. एक्स३मध्ये माणूस बाजूने टेकतो आणि सरकतो. तीन महिने रोज चार वेळा चढ-उतार असेल तर हा फरक ३२० युरोंपेक्षा मोठा आहे.

दीड वर्षाच्या बाळाचंही तेच. उलट्या तोंडाच्या सीटमध्ये बारा किलोचं मूल ठेवायचं म्हणजे वॅगनमध्ये छताच्या कडेखालून वाकून, हात लांब करून. कंबर बोलते. दुसरीकडे सहा वर्षांचं मूल वॅगनमध्ये आपलं आपण चढतं, एक्स३मध्ये उंबऱ्यावर बूट घासत चढतं आणि हिवाळ्यात सगळ्यांच्या पोटऱ्या त्याच उंबऱ्याला पुसल्या जातात.

बर्फ: एक्स३ जमिनीपासून २०४ मिमी वर, टूरिंग त्याहून सहा सेंमी तरी खाली. स्की-लॉजच्या न उपसलेल्या आवारात रात्रीतून वीस सेंमी पडला की हे सहा सेंमी कामाला येतात. उपसलेल्या रस्त्यावर नाही, तिथे टायर बोलतात.

वजन ओढायचं असेल, टपावर जास्त ठेवायचं असेल तरी एक्स३. टपावर एक्स३ला १०० किलो चालतात, टूरिंगला ७५. रूफबॉक्स स्वतःच २०-२५ किलोचा, आडव्या दांड्या पाच-सहा किलो. ७५ मधून ते वजा केले की सामानाला ४५ उरतात. चार जणांच्या स्की आणि बूट त्यात कसेबसे बसतात. बूट खाली डिकीत ठेवा.

---

सातारी_तर्री

दोघांनीही एक गोष्ट मोजली नाही. माणसं!

दोन मोठे, दोन लहान, आई-बाबा. सहा. दोन्ही गाड्या पाच जणांच्या. जून ते ऑगस्ट सगळे मिळून कुठे जायचं ठरलं तर टूरिंग असो की एक्स३, एक जण ट्रेनने येणार. एक्स३मध्ये तिसरी रांग मिळतच नाही. "फॅमिली एसयूव्ही" या शब्दावर जाऊ नका.

पाच जणांतही गोम आहे. मागे दोन चाइल्ड सीट लावल्यावर मधे आजी बसेल असं वाटतं. दोन्हीत मधली जागा अरुंद, पाठ टणक आणि पायांत मागच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टचा बोगदा. आयसोफिक्स (चाइल्ड सीट अडकवायच्या कड्या) फक्त बाजूच्या दोन जागांना. बूस्टरच्या बाजूला बेल्टचं बकल हाताने शोधावं लागतं, ते वेगळंच. पंधरा मिनिटं बसता येतं, साल्झबुर्गपर्यंत नाही.

म्हणून दोनच मार्ग. सहा जणांचा प्रवास वर्षातून दोन-तीनदा असेल तर त्या दिवसांपुरती नऊ सीटची गाडी भाड्याने घ्या. ड्रायव्हर धरून नऊ जणांपर्यंत आणि साडेतीन टनांपर्यंत बी लायसन्स (साध्या गाडीचं) चालतं. आणि दर शनिवार-रविवारी सहा जण बाहेर पडणार असाल, तर हा धागाच चुकीच्या दोन गाड्यांवर आहे: सात सीटची फोक्सवागन टूरान बघा, मधल्या रांगेत तीन वेगळ्या सीटा, तिन्हींना आयसोफिक्स. किंवा सात सीटची स्कोडा कोडिॲक. चालवायला मजा येणार नाही, ते मान्य.

भार मोजायची रीत: फारत्सॉइगशाइनवर एफ.२ रकाना म्हणजे भरलेल्या गाडीचं चालणारं कमाल वजन, जी रकाना म्हणजे रिकाम्या गाडीचं, पण त्यात ७५ किलोचा ड्रायव्हर आधीच धरलेला असतो. एफ.२ मधून जी वजा करा, उरलेल्यात बाकीची माणसं, सामान आणि टपावरचं सगळं बसलं पाहिजे. टपाचे ७५ किलो वेगळे फुकट मिळत नाहीत.

---

इसारकाठ

सहाव्या माणसाचा मुद्दा डोक्यात आलाच नव्हता. सगळे एकत्र वर्षातून दोनदाच जातो, तेव्हा भाड्याची गाडी परवडेल. रोजच्यात बाबा, मी आणि मुलं, असे चौघंच असतो.

बाबांना पुढे बसवलं तर टूरिंग चालेल का? माझी उंची १६२ सेंमी.

---

रस्तेमाप

चालेल, पण चाइल्ड सीट कुठे लावता त्यावर आहे.

उलट्या तोंडाची सीट पुढच्या सीटच्या पाठीला येऊन भिडते. ती बाबांच्या मागे लावलीत तर बाबांची सीट पुढे ओढावी लागेल आणि बदललेला गुडघा डॅशबोर्डला दुमडून राहील. तिथेच सगळं बिघडतं. म्हणून ती तुमच्या मागे, ड्रायव्हरच्या बाजूला लावा. १६२ उंचीला तुमची सीट तशीही बरीच पुढे असते. बूस्टर बाबांच्या मागे. बाळाला बसवताना मात्र तुम्ही रस्त्याच्या बाजूला उभ्या राहणार, तेवढं सांभाळा.

बाबांची सीट पूर्ण मागे आणि पूर्ण वर. सीट वर करायची सोय प्रवाशाच्या बाजूला सगळ्या गाड्यांत नसते, घेताना ती बघूनच घ्या. बसायची पद्धत: आधी पाठमोरं उभं राहून बूड टेकवायचं, मग दोन्ही पाय एकत्र उचलून आत वळायचं. सीटवर एक गुळगुळीत प्लास्टिकची पिशवी टाकली तरी वळणं सोपं होतं, गाडी सुटण्याआधी ती काढून घ्या.

आणि डुप्लेक्सचं काय? यंत्राच्या खांबावर एक पाटी असते: उंची, वजन, कधी रुंदी. जुन्या डुप्लेक्समध्ये उंची १५० सेंमी असते. हे मी आधीच विचारायला हवं होतं.

---

डोंगरवाट

अगदी. आणि वरच्या व खालच्या फळीची उंची वेगवेगळी असू शकते, दोन्ही बघा. तुमची फळी कोणती ते घरमालकाच्या करारात असतं.

---

इसारकाठ

आत्ताच खाली जाऊन आले. पाटीवर: वर १५०, खाली १५०, वजन २,००० किलो. आमची खालची.

---

सातारी_तर्री

झालं. १,६७६ मिमीची गाडी १,५०० मध्ये जात नाही.

---

डोंगरवाट

मान्य. बाहेर जागा भाड्याने घेतली तर एक्स३ होईल, पण मग ते भाडं दर महिन्याला एक्स३च्या नावावर लिहा, आणि जानेवारीत सकाळी काचेवरचा बर्फ खरवडायचं कामही.

टूरिंग घेतलीत तर डुप्लेक्सपुरत्या दोन गोष्टी. डिकीचं दार वर उघडतं आणि वरच्या फळीला आपटतं. इलेक्ट्रिक दार असेल तर ते किती वर जावं हे आयड्राइव्हच्या (गाडीतल्या स्क्रीनच्या) सेटिंगमध्ये ठरवता येतं, पहिल्याच दिवशी हाताने धरून ते लावून घ्या. दुसरी, टूरिंगची मागची काच वेगळी उघडते. भाजीच्या पिशव्या अरुंद जागेत दार न उघडता काचेतून काढता येतात, आणि हे एक्स३मध्ये नाही. रूफबॉक्स लावून मात्र आत जायचं नाही, तो बाहेर लावा, बाहेरच काढा. पंधरा मिनिटांचं काम आहे, विसरलात तर दरवाजाच्या तुळईलाही आपटेल.

---

तेराचा_पाना

टूरिंग ठरलीच असेल तर घेताना काय तपासायचं ते सांगतो.

टायर सगळ्यात आधी. एक्सड्राइव्हमध्ये चारही चाकांचा घेर सारखा लागतो. दोन झिजलेले आणि दोन नवे असले की पुढची आणि मागची चाकं वेगवेगळ्या फेऱ्या मारतात, आणि तो फरक ट्रान्सफर केसमधल्या (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या डब्यातल्या) क्लचच्या पट्ट्या सतत घसरून भरून काढतात. त्या तापतात आणि झिजतात. खोलीमापकाने चारही टायरांची नक्षी मोजा. एका अक्षावर आणि दुसऱ्यावर दोन मिमीपेक्षा जास्त फरक असेल तर नवा संच विक्रेत्याकडून मागा. चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच नमुन्याचे असावेत. १८ इंची एम स्पोर्टवर बऱ्याचदा पुढे २२५/४५ आणि मागे २५५/४० असतात. ते पुढचे-मागचे अदलाबदल करता येत नाहीत, मागचे लवकर जातात.

ट्रान्सफर केस तपासायची रीत: इंजिन आणि गिअरबॉक्स गरम झाल्यावर मोकळ्या पार्किंगमध्ये स्टिअरिंग पूर्ण वळवून १०-१५ च्या वेगाने गोल फिरा, डावीकडे आणि उजवीकडे. गाडी अडखळत, दचकत चालली तर पट्ट्या किंवा तेल गेलंय. त्यात तेल अर्धा-पाऊण लिटरच असतं. "आयुष्यभर चालतं" असं कोणी म्हणालं तर गाडीचं की तुमचं ते विचारा. ८० हजारांच्या आसपास बदला, आणि बदलल्यावर कंट्रोल युनिटमधली जुनी झीज-नोंद पुसून घ्यायला सांगा, नाहीतर नव्या तेलावर जुनाच हिशेब चालतो. गिअरबॉक्सचं तेल बदलायला झेडएफ स्वतः ८० हजार ते १.२ लाख किमी किंवा आठ वर्षं सांगते. फिल्टर तळाच्या प्लास्टिक पॅनमध्येच असतो, म्हणून पॅन पूर्ण बदलतात. पातळी इंजिन चालू ठेवून, ठरलेल्या तापमानालाच बघायची असते. हे गल्लीतल्या घाईचं काम नाही.

पाणी. काचेचं मोठं छत असेल तर त्याच्या चारही कोपऱ्यांत पाणी वाहून जायच्या नळ्या असतात. पानं-धूळ साचून त्या तुंबतात आणि पाणी पायदानात किंवा डिकीच्या तळाला उतरतं. छत उघडून पुढच्या कोपऱ्यात पेलाभर पाणी हळूहळू सोडा. एक-दोन मिनिटांत चाकाजवळून खाली टपकलं पाहिजे. टपकलं नाही तर पायदानाचा गालिचा उचला आणि खालच्या स्पंजात बोटं दाबा. वरून कोरडा असतो, आतून ओला. डिकीच्या तळाचं झाकणही उचलून वास घ्या. सुगंधी झाड टांगलेली गाडी दिसली की मी आधी तिथेच नाक घालतो.

डिकीच्या दाराच्या बिजागरीजवळ रबरी नळीत वायरींचा जुडगा असतो. दार रोज उघडून-मिटून वर्षांनी तिथल्या वायरी चिरतात, आणि टूरिंगमध्ये काच आणि दार दोन्ही हलतात. दार उघडं असताना नंबरप्लेटचे दिवे, कॅमेरा, मागचा वायपर आणि काचेचं बटण, सगळं चालवून बघा.

ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग): बीएमडब्ल्यूने २०१८ मध्ये डिझेलच्या कूलरसाठी गाड्या परत बोलवायला सुरुवात केली आणि नंतर ती यादी वाढवली. चासी क्रमांक टाकून या गाडीवर काही बाकी आहे का ते कंपनीकडून विचारा. बाकी असलं तरी काम फुकट होतं, पण विकत घेण्याआधी करून घ्यायला सांगा.

आता तुमचं ४ किमीचं पाळणाघर. डिझेलच्या काजळीच्या फिल्टरला स्वतःला जाळून साफ करायला इंजिन गरम आणि पंधरा-वीस मिनिटांची सलग धाव लागते. दर वेळी मधेच बंद केलं तर काजळी साठते आणि न जळलेलं डिझेल इंजिन ऑइलमध्ये उतरतं. थांबल्यावर पंखा जोरात फिरत राहिला, गाडी उभी असताना चालू इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा किंचित वर असले, जळका वास आला, तर जाळणी चालू आहे समजा. तेव्हा घरी न जाता सरळ ऑटोबानवर एक चक्कर मारा. तुमचे बरेचसे किलोमीटर लांबचे आहेत म्हणून चालेल. आठवडाभर फक्त पाळणाघर असेल तर शनिवारी अर्धा तास पळवा. ३३०ई हायब्रिडचा विचार मनात आला तर एवढंच लक्षात घ्या: बॅटरीमुळे डिकी ५०० वरून ४१० लिटर होते.

हिवाळी टायर २२५/४५ आर१८ चारही सारखे घ्या. बर्फ आणि डोंगराचं चिन्ह हवंच, जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून नुसत्या एम+एस (चिखल आणि बर्फ) खुणेला हिवाळी टायर धरत नाहीत. ऑस्ट्रियात नक्षी ४ मिमीच्या खाली गेली की तो टायर हिवाळी मानत नाहीत. जर्मनीत १.६ पर्यंत कायदा गप्प बसतो, ब्रेनरच्या घाटात टायर गप्प बसणार नाही. साखळ्या कोणत्या मापावर चालतात ते गाडीच्या पुस्तकात असतं, सगळ्या मापांवर चालत नाहीत. साखळीची पाटी दिसली की जर्मनीत फोर व्हीलवाल्यांनाही लावायची असते, आणि मग वेग ५० पर्यंतच. घरी कोरड्यात एकदा लावून बघा, अंधारात थंड बोटांनी पहिल्यांदा शिकू नका.

गाडी डीलरकडून घ्या, खासगी माणसाकडून नको. डीलर वापरलेल्या गाडीची कायदेशीर जबाबदारी एक वर्षाखाली आणू शकत नाही, आणि २०२२ पासून पहिल्या वर्षात दोष निघाला तर तो आधीपासून नव्हता हे त्याला सिद्ध करावं लागतं. करारात "बास्टलरफारत्सॉइग" (खटपट्यांसाठीची गाडी), "ग्राहक व्यावसायिक आहे" किंवा "दुसऱ्या ग्राहकाच्या वतीने विकत आहे" असं काही दिसलं तर सही करू नका, त्या वाक्यांनी तो ही जबाबदारी झटकायला बघतो.

---

इसारकाठ

शुक्रवारी एक गाडी बघायला जातेय. खोलीमापक, पाण्याची बाटली आणि बाबांच्या सीटसाठी टेप, तिन्ही पिशवीत टाकलंय. प्रवाशाची सीट वर होते का, हे फोनवरच विचारून घेतलं. होते.

---

तेराचा_पाना

आदल्या रात्री विक्रेत्याला सांगा की इंजिन थंडच ठेव. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघा. गरम लागलं तर कॉफी पिऊन या, नाहीतर सकाळी थंड सुरू होताना येणारा आवाज तुम्हाला ऐकूच येणार नाही.